बुडावरचं पान

"मोडीत द्यायचं ते मोडून द्यावं, पोरी. साबूत देऊ नये."

अक्काबाईंनी असं म्हटलं तेव्हा मेघना हसली होती. निरवांगीच्या घरासमोर फियाटची डिकी उघडी होती, तिच्या नवऱ्यानं, धम्मदीपनं, गाडीला उसनी बॅटरी जोडून जुनी उचलून आत ठेवली होती, आणि सासूबाई हातात पहार घेऊन उभ्या होत्या. बारामतीला नवी बॅटरी घ्यायची, जुनी दुकानदाराला द्यायची, एवढं साधं काम. त्यात पहारीचं काय?

"आत्या, हिच्यात ॲसिड असतं. पहार घातली तर आपलेच पाय जळतील. आणि जुनी साबूत दिली तर तो किमतीत सूट देतो."

"सूट दील की. का दील ते इचार." अक्काबाईंनी पहार भिंतीला टेकवली. "गळका हंडा बी मी कधी साबूत दिला न्हाय मोडवाल्याला. आधी दगडावर आपटायचा, मग द्यायचा. न्हायतर तो डाग लावतो, कल्हई करतो, आन् तुझाच हंडा दुसऱ्याच्या घरात सोंग घिऊन उभा ऱ्हातो. पानी भरलं की कळतं."

मेघना बी.एस्सी. झालेली, विषय रसायन. सासूनं शिकवायच्या गोष्टी वेगळ्या आणि कॉलेजात शिकायच्या वेगळ्या, असं तिचं तेव्हा मत होतं. दिवस गेलेले होते, उभं राहिलं की कंबर भरून यायची. ती "बरं बरं" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या बॅटरीच्या बुडाला पिंपळाचं एक पान होतं. तेही अक्काबाईंचंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. पण गावात जेवणावळ झाली की विहारामागं सगळ्यांच्या भांड्यांचा ढीग पडतो, त्यातून आपली परात ओळखायची कशी? बाकीच्यांनी बाजारातल्या माणसाकडून नावं घालून घेतली. अक्काबाईंनी पान घालून घेतलं, देठ डावीकडं वाकलेलं. हंड्याला पान, कळशीला पान, पितळी ताटाला पान. गाडी घेतल्यावर सासरे साहेबराव बॅटरी कुणालाही काढून द्यायचे. लाईट गेली की टीव्हीला, भीमजयंतीला भोंग्याला. तेव्हा अक्काबाईंनी चुलीत दाभण तापवलं आणि बॅटरी आडवी करून तिच्याही बुडाला पान कोरलं. काळ्या कडक रबराचा वास दिवसभर घरात होता म्हणे. पुढं साहेबराव गेले. गाडी राहिली, पान राहिलं.

बारामतीच्या स्टँडाच्या मागं हिंदुरावांचं दुकान. फळीवर दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या मांडलेल्या. एक देशी, म्हणजे इथंच मागच्या शेडात जुळवलेली. दुसरी कंपनीची, चकचकीत लेबलाची. धम्मदीप इंदापूरला शाळेत शिक्षक. पगारात बाळंतपण बसवायचं होतं. त्यांनी देशी घेतली, मेघनानंही मान हलवली. जुनी बॅटरी दुकानाच्या कोपऱ्यात गेली. मेघनानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

देशी बॅटरीनं गॅरंटी संपेपर्यंत कसाबसा तग धरला आणि मग हात टेकले. तोवर घरात मोनाली आली होती, सगळ्यांची मोना. रांगून, धरून धरून उभी राहायला लागली होती. सुट्टीच्या एका दुपारी तिला ताप चढला आणि मेघनाच्या मांडीवर ती पोर एकदम ताठ झाली, डोळे पांढरे, ओठ निळे. गल्लीतल्या पोरांनी गाडीला धक्का दिला, धम्मदीपनं बारामती गाठली, झटका वाटेतच थांबला. डॉक्टर म्हणाले, "काही लेकरांना तापात असं होतं. घाबरू नका. पण पुन्हा आलं आणि थांबलं नाही, तर घरी वाट बघत बसू नका. लगेच आणा."

'लगेच' हा शब्द मेघनानं पदराला गाठ मारावा तसा मनात बांधून घेतला. धम्मदीप दिवसभर इंदापूरला, तेव्हा आधी ती गाडी चालवायला शिकली. साडीचा काचा मारून माळावर फेऱ्या घालायची, बांधावर बसून बाया बघायच्या, "मास्तरीणबाई, आमाला बी न्या की बारामतीला!" म्हणून चिडवायच्या. शिकून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आता बॅटरी. आणि ह्या खेपेला कंपनीचीच."

"ताई, म्या तर पयल्याच खेपंला बोललो व्हतो," हिंदुराव म्हणाले. जाड, हसरा माणूस, कानात अत्तराचा फाया. "देशी म्हंजी पावनी. चार दीस ऱ्हाती, जाती. कंपनीची म्हंजी लग्नाची बायको." आणि धम्मदीपकडं बघून डोळा मिचकावला.

"किमतीत फरक फार आहे हो," धम्मदीप पुटपुटला.

"गुर्जी, फरक किमतीत न्हाय, भरवशात हाय. लेकरू हाय ना घरात?" काउंटरवरून वाकून त्यांनी मेघनाच्या कडेवरल्या मोनाचा गाल धरला. "ह्या पोरीला पावसाचं दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर सेल्फ मारल्यासरशी गाडी निगाय पायजे. का न्हाय गं चिमने?"

मेघनानं झटक्याचं सगळं त्यांना सांगितलं. आपणहून. दुकानदाराला कळावं, की वस्तू खरीच चांगली पाहिजे. हिंदुरावांनी च्-च् केलं, मोनाच्या मुठीत लिमलेटची गोळी दिली, बॅटरीत काचेची नळी बुडवून पाण्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडचा कस, दाखवली. आतला तरंगता तुकडा वर वर चढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ह्याच नळीनं मेघनानं पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तिचं समाधान झालं. तिनं बॅटरीच्या चारी बाजू निरखल्या, लेबल वाचलं, बुचं मोजली. बूड कोण बघतं?

भादव्यात पाऊस लागून राहिला होता. मोनाला सकाळपासून कसर होती. मेघना तासातासाला कपाळावर हात ठेवत होती, ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. दुपारी जेवणवेळ उलटली आणि फडकं बदलता बदलताच पोर ताठ झाली. एका मिनिटात थांबेल, थांबेल म्हणता थांबेना. अक्काबाईंनी नातीला उचललं, मागच्या सीटवर बसल्या. मेघनानं किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. बाकी काही नाही. वायपरसुद्धा अर्ध्यात थांबला.

"मार की गं!"

"मारतेय आत्या!"

काल चालू झाली होती. परवाही झाली होती. आज मान टाकली. अंगणात काळ्या मातीचा रेंदा, चाकं निम्मी आत. धक्का द्यायला गल्लीत बाप्या माणूस नाही, सगळे रानात. दोघी बायकांनी खांदा लावला, गाडी तसूभर हलली आणि पुन्हा मागं बसली. मेघना चपला टाकून रस्त्याकडं पळाली. किती वेळ ती रस्त्यात हात पसरून उभी होती तिला आठवत नाही. आला तो आबासाहेबांचा टेंपो, वांग्यांनी भरलेला, बारामतीच्या मार्केट यार्डाकडं निघालेला. आबासाहेब सासऱ्यांचे जुने स्नेही, माळकरी बागायतदार. त्यांनी काही विचारलं नाही. चार क्रेट रस्त्याकडेला फेकले आणि म्हणाले, "चढ सूनबाई."

मोना वाचली. पण झटका फार वेळ चालला होता. डावा हात लुळा राहिला. मूठ वळायची नाही, वळली तर सुटायची नाही. डॉक्टर म्हणाले, "सुधारेल. किती सुधारेल ते आत्ता नाही सांगता येणार. ह्याहून लवकर आणायला हवं होतं."

"गाडी होती आमच्याकडं," मेघना म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

बॅटरीतून गळून खालच्या पत्र्यावर पांढरी पूड धरली होती. धम्मदीपनं ती काढून, पाणी ओतून टाकून परसात आणून ठेवली. अक्काबाईंना घाण दिसली की हात थांबत नाही. त्यांनी राख घेतली, काथ्या घेतला आणि भांडं घासावं तशी बॅटरी आडवी घालून घासायला बसल्या. बुडाचा काळा रंग सुटायला लागला. सुटता सुटता थांबल्या.

"मेघे."

मेघना मोनाला घेऊन दारात आली.

"हितं ये. हे बघ."

रंगाच्या पापुद्र्याखालून पिंपळाचं पान वर आलं होतं. दाभणानं टोचलेलं. देठ डावीकडं वाकलेलं.

"माझं पान हाय हे," अक्काबाई म्हणाल्या. "साबूत दिली व्हतीस."

आणखी एक शब्द बोलल्या असत्या तर मेघना त्यांच्यावर ओरडली असती. त्या उठल्या, हात धुऊन आत गेल्या.

आपलीच बॅटरी. हिंदुरावानं तिच्यात कसल्यातरी प्लेटा कोंबल्या, वर डांबर ओतलं, रंग फासला, कंपनीचं लेबल चिकटवलं. मधल्या काळात आणखी किती घरं फिरून आली असेल कोण जाणे. ग्रॅव्हिटी वर दाखवायला नुसतं कडक ॲसिड भरलं की झालं. हे तर बी.एस्सी.च्या पोरीला झोपेत कळायला हवं होतं. पण मेघनाला जाळलं ते फसवणुकीनं नाही. त्यानं मोनाला पाहिलं होतं. गाल धरला होता. झटक्याचं ऐकून च्-च् केलं होतं. आणि मग ही दिली होती.

ती एकटीच बारामतीला गेली.

"पान?" हिंदुराव हसले. "ताई, पिंपळाचं पान काय कुनाच्या बी दारात पडतंया. बॅटरी आना, बघू."

"घरी आहे. आणणार नाही. तुम्ही लेबल काढून घ्याल."

"मग मी काय हवंत बघू?" मग आवाज बारीक करून, "तुमा लोकांचं एक बरं हाय. मोर्चा काडाया येतो. काडा की! मी चा पाजतो समद्यास्नी."

दुकानात बसलेली दोन माणसं हसली. मेघनाच्या कानशिलातून गरम वाफ निघाली. तरी ती हसून म्हणाली, "नको हो काका. मोर्चाला वेळ कुठंय? लेकराला दवाखान्यात न्यायचं असतं."

"व्हय, व्हय. कशी हाय चिमनी?"

"बरी आहे," मेघना म्हणाली आणि दुकानाची पायरी उतरली.

धम्मदीपचं म्हणणं सरळ होतं. "ग्राहक मंचात जाऊ. पावती आहे, बॅटरी आहे, पान आहे. आई साक्ष देईल. मी अर्ज लिहितो."

"तारखा पडतील."

"पडू देत."

"आणि शेवटी काय? पैसे परत करील. हसत हसत परत करील. मला पैसे नकोत."

"मग काय पाहिजे तुला?"

मेघनानं मोनाच्या डाव्या हातात बिस्कीट ठेवलं. बोटं मिटली नाहीत, बिस्कीट पडलं. तिनं उचलून पुन्हा ठेवलं. दिवसभर तिचा हाच उद्योग असे. "त्याची गाडी चिखलात बंद पडलेली पाहिजे," ती म्हणाली. "आणि मागच्या सीटवर त्याचं कुणीतरी पाहिजे."

असली मेघना धम्मदीपनं पाहिली नव्हती.

मोनाच्या हाताच्या व्यायामासाठी दर आठवड्याला बारामतीची फेरी होती. दवाखाना उरकला की मेघना स्टँडामागच्या रसवंतीत बसायची. समोरच हिंदुरावांचं दुकान. उसाचा रस संपायचा, ग्लासात माश्या बसायच्या, ती उठायची नाही. पाळत ठेवणं तिला नवं नव्हतं. झोपलेल्या लेकराच्या छातीकडं बघत ती बसतच आली होती. इथं फक्त माणूस बदलला.

तिच्या ध्यानात आलं ते असं. एखादा शेतकरी बॅटरी घेऊन येतो. बॅटरी चांगलीच असते, दोष दुसरीकडं कुठं तरी असतो. हिंदुराव नळी बुडवतात, मान हलवतात, "गेली, प्लेटा बसल्या," म्हणतात. जुनी मोडीच्या भावात ठेवून घेतात, देशी गळ्यात मारतात. आणि शेतकरी वळला, की ती चांगली बॅटरी शेडात जात नाही. दारातल्या त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या अँबॅसिडरमध्ये जाते. दुकानातली एकही बॅटरी ते आपल्या गाडीला लावत नव्हते. स्वतःचा स्वैपाक ते स्वतः जेवतच नव्हते.

मग रस्ता समोर दिसत होता.

तिनं धम्मदीपला सांगितलं नाही. इंदापूरहून ॲसिड आणवलं, जरा कडकच. बॅटरी चार्जिंगला ठेवली. प्लेटा कुचकामी, तरी भरून ठेवली तर दोन-चार दिवस ती गाडीला उठवणार आणि मग घात करणार, हे तिनं भोगलेलंच होतं. टर्मिनल घासून चमकवली. लेबल सोलून टाकलं. शेवटी ती परसात आडवी घातली, काळ्या रंगाची डबी उघडली आणि बुडाला ब्रश लावला.

"माझं पान झाकतीस व्हय?"

अक्काबाई मोनाला कडेवर घेऊन मागं उभ्या होत्या. मेघनाचा ब्रश थांबला नाही.

"त्यानं झाकलं तवा त्येला शिव्या घातल्या. आता तूच?"

"त्याच्याच घरी चाललीय आत्या. त्याच्याच गाडीत बसणार."

"मोडून टाक ती. नदीवर न्हे, दगड घाल. माझं ऐक."

"एकदा जाऊ दे. फक्त एकदा. तुम्हाला राग नाही येत? बघा तिचा हात."

अक्काबाईंनी नातीचा लुळा हात आपल्या हातात घेतला, गोंजारला. "राग? दिसरात शिजतोय की आत. पन वस्तूला घर ठावं नसतं, पोरी. तू मारशील दगड ह्येच्या दारावर, आन् फुटंल दुसऱ्याचंच मडकं."

मेघनानं पानावर दुसरा हात दिला. देठसुद्धा दिसेनासं झालं.

बॅटरी पोचवायला टेंपो आबासाहेबांचाच होता. त्यांना तिनं एवढंच सांगितलं, "आबा, हिंदुरावाच्या दुकानात ही न्या. आमची म्हणून सांगू नका. गाडी कधीमधी अडती, बॅटरी बघा म्हणा. गेली म्हणाले तर ठेवून या आणि तुमच्यासाठी कुठली घेऊ नका, उद्या येतो म्हणा."

आबासाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "काय डाव हाय?"

"आहे एक."

"मग न्हेतोच!" म्हाताऱ्याला मजा वाटली. त्या दिवसाची वांगी आणि मोना, दोन्ही त्यांच्या लक्षात होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते आले, पायरीवर टेकले, पाणी मागितलं. मेघनानं तांब्या पुढं केला.

"घेतली?"

"घेतली की! नळी बुडिवली, डोळं चमाकलं बघ त्येचं. वर मला म्हनतो, 'आबा, ही पार गेली, मोडीत काडा.' म्या म्हनलं, 'काडली बाबा.'"

मेघनानं श्वास सोडला. "गाडीत घातली ना त्याच्या?"

"गाडीत? न्हाय बा." आबासाहेब मिशी पुसत म्हणाले. "त्येला सवडच कुठं मिळाली? मी समोर चा पीत बसलो व्हतो. तेवढ्यात एक जीप आली, धक्का मारत मारत. निळी ताडपत्री, मासळीचा वास ह्यो असा. भिगवनकडला गडी, रतन म्हून. संगं बायको, दिवस भरत आल्यालं तिचं, पार टेकीला आलीया. गडी म्हनला, 'काका, एकच द्या, पन नंबर एकची द्या. आमी पान्याच्या कडंला ऱ्हातो, हिची येळ कवा येईल सांगता यायचं न्हाय.' कंपनीची शिल्लक नव्हती जनू. मग हिंदुरावानं आतल्या आत तुझीच घेतली, लेबल डकवलं, आन् पुसून पुसून हातात दिली."

मेघना जागची हलली नाही.

"बोलनं तर काय त्येचं! गडी जरा कुरकुरला, तर म्हनतो कसा, 'फरक किमतीत न्हाय, भरवशात हाय.'" आबासाहेब हसले. मग त्यांना तिचं तोंड दिसलं. "का गं? तुझा डाव चुकला का काय?"

आत अक्काबाई भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज बंद झाला.

"तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत आबा?"

"काय बोलू? तू काय सांगितलंस मला?"

खरंच होतं. तिनं काहीच सांगितलं नव्हतं. "नाव? तिचं नाव काय होतं?"

"'सारजे, हळू उतर' म्हनत व्हता. हनुवटीवर गोंदान हाय. हसरी पोर. माज्याकडं बघून हसली बी."

दुसऱ्या दिवशी मेघना पहिल्या एस.टी.नं बारामतीला गेली. ह्या वेळी हसायचं नाटक नव्हतं. "काका, काल संध्याकाळी भिगवणच्या माणसाला बॅटरी दिलीत. कुठं राहतो तो? ती बॅटरी खराब आहे."

"कुठली बॅटरी?"

"आबासाहेबांनी आणलेली. ती मी पाठवली होती. पान असलेली. माझीच."

हिंदुरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यांना सगळं कळलं आणि कळून त्यांना आनंद झाला, हे मेघना मरेपर्यंत विसरणार नाही.

"कडक पानी तुमीच भरलं? वा! मी सोता फसलो की." त्यांनी खुर्ची पुढं केली. "बसा ताई. आता आपून दोगं भागीदार. मागल्या खेपंला मी इकली, ह्या खेपंला तुमी बनवली आन् मी इकली. चा सांगू?"

"त्याचा पत्ता सांगा. त्याची बायको—"

"गिऱ्हाइकाला मी गाव इचारत न्हाय. पैशाला गाव नसतं." मग मान पुढं काढून, "आन् मंचाबिंचात जायचं आसंल तर जावा खुशाल. बॅटरी दावा म्हनत्याल तितं. हाय का बॅटरी?"

बॅटरी नव्हती. पुरावा तिनं स्वतःच्या हातानं रंगवून त्याच्याकडं पाठवला होता. घरी सांगितलं तेव्हा धम्मदीपनं डोक्याला हात लावला. अर्ज त्यानं लिहून ठेवला होता, नुसती सही राहिली होती. तो रागावला नाही, जोड्यात पाय घालत म्हणाला, "चल. भिगवणला जाऊ."

ते भिगवणला गेले. मासळीच्या बाजारात विचारलं, हायवेच्या खाणावळीत विचारलं, रेल्वे स्टेशनाबाहेर विचारलं. रतन पुष्कळ. निळ्या ताडपत्रीच्या जीपाही पुष्कळ. एक म्हातारी म्हणाली, तसली हनुवटीवर गोंदलेली पोर पलीकडच्या वस्तीवर आहे. वस्तीवर गेले तर ती दुसरीच, तिला तीन पोरं. उजनी धरणाचं पाणी पार रस्त्याच्या कडेपर्यंत आलेलं, वस्त्या कडेकडेनं विखुरलेल्या, मधल्या वाटा चिखलात बुडालेल्या. एवढ्या पाण्यात एक जीप हुडकायची म्हणजे वाळूत मोहरी.

पुढच्या आठवड्यात मेघना एकटी गेली. त्याच्या पुढच्याही आठवड्यात. मोनाचा व्यायाम उरकायचा, बारामतीहून भिगवणची गाडी धरायची, दिवस मावळायला परत. रसवंतीत ती आता बसत नाही. पण स्टँडावरून जाताना पांढरी अँबॅसिडर उभी दिसली की थांबते. हिंदुराव तिला पाहून हात करतात. "काय भागीदार?" म्हणतात. त्यांचं काय करायचं ते तिनं सोडलेलं नाही. दुसरं गिऱ्हाईक कोण फसलंय, कुणाकडं असली बॅटरी अजून आहे, ती विचारत असते. एक ना एक दिवस ती त्यांना त्याच दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांसमोर, एकेका बॅटरीचं बूड वर करून दाखवायला लावणार आहे. हे तिनं मोनाच्या हाताची शपथ घेऊन ठरवलंय.

पण ते नंतर. आधी सारजा.

मोना आता डाव्या हातानं बिस्कीट धरते, थोडा वेळ. मग सोडते. ते पडलं की मेघनाला आपल्या लेकीचा हात दिसत नाही. पाण्याच्या कडेला चिखलात उभी जीप दिसते, किल्ली फिरवणारा माणूस दिसतो, आणि टक् ऐकू येतं. अक्काबाई जवळ असल्या तर बिस्कीट उचलून देतात. "मी म्हनलं व्हतं," असं त्या आजवर एकदाही म्हणाल्या नाहीत. मेघनाला वाटतं, म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून तिचं तुमच्याकडं मागणं आहे. तुमचं कुणी भिगवणच्या बाजूला असेल, मासळीला, रेल्वेला, पाव्हण्याकडं तुमचं जाणं होत असेल, तर पाण्याच्या कडेच्या वस्त्यांवर जरा चौकशी करा. निळी ताडपत्री, रतन नावाचा गडी, बायको सारजा, हनुवटीवर गोंदण. जीप सापडली तर बॅटरी आडवी करून बघा, बुडाचा रंग नखानं खरवडा. खाली देठ डावीकडं वाकलेलं पान दिसलं, तर ती तिथल्या तिथं दगडानं फोडा. आणि बॅटरीचं राहू द्या, आधी घरात डोकावून बघा. सारजा बाळंत झाली का? गाडी वेळेवर निघाली का? दोघं बरी आहेत का? एवढं बघा, आणि निरवांगीला कळवा.

पाऊस अजून थांबलेला नाही.